भिंतीला लावलेला हात

हार्डवेअरच्या दुकानात कंदिलाच्या काचेसाठी रोझेर लाशान्स रांगेत उभा होता, तेव्हा पुढच्या माणसाचं एक वाक्य त्याच्या कानावर पडलं. वाक्य त्याच्यासाठी नव्हतं. तो माणूस फायर ब्रिगेडचा होता. अंगात अजून कामावरचाच जाड कोट, भुवयांत राख. सेल आणि दोरखंड घेता घेता तो दुकानदाराला सांगत होता की काल नदीपलीकडच्या उतारावरचं घर जळलं ते मेणबत्तीनं नाही, लोक उगाच काहीतरी उठवतात. "भिंतीतून गेलं," तो म्हणाला. "शेगडीची नळी भिंतीतून बाहेर काढलेली, लाकडाला अगदी लावून. काम मात्र इतकं सुबक, की फटीत पोस्टकार्ड जायचं नाही. कोणातरी हुशार माणसाचं. अठरा-वीस वर्षं ते लाकूड आतल्या आत भाजत बसलं. आणि असं भाजलेलं लाकूड कशावर पेटतं ठाऊक आहे? पाणी उकळतं ना, तेवढ्यावर. आजवर कधी इतकी जाळली नसेल त्यांनी शेगडी. वीज नाही म्हणून तीन दिवस रात्रंदिवस पेटवली, झालं." दुकानदारानं विचारलं, "माणसं?" तो म्हणाला, "माणसं निघाली. कुत्रा राहिला."

रस्त्यावर आल्यावर रोझेरच्या ध्यानात आलं की आपले हात रिकामे आहेत. काच घ्यायची राहूनच गेली. परत फिरायला हवं होतं, पण त्या माणसासमोर पुन्हा उभं राहायची त्याची तयारी होईना. तो आपल्याकडे नुसता बघेल आणि ओळखेल, असं काहीतरी त्याला वाटलं. सुबक. हुशार माणसाचं. तीन दिवस लुइस्टन गावावर पाऊस पडत होता आणि पडल्या जागी त्याचं बर्फ होत होतं. तारा, फांद्या, मोटारींच्या मुठी, चर्चच्या पायऱ्या, सगळ्यावर बोटभर काच चढली होती. कुठेतरी फांदी मोडली की बंदुकीचा बार काढल्यासारखा आवाज यायचा आणि पाठोपाठ काचा फुटल्यासारखा. तो काठी टेकत, कुंपणांना धरत चालला होता. पडला तर सहासष्टाव्या वर्षी कमरेचं हाड जाईल हे त्याला कळत होतं, तरी पाय भरभर पडत होते. सकाळी निघताना त्यानं शेगडीत मेपलचे चार मोठे ओंडके घालून ठेवले होते. त्याची मुलगी मुरिएल संध्याकाळच्या आत बाळाला घेऊन यायची होती. तिच्या मजल्यावर वीज नाही, म्हणून तेलाची भट्टी बंद, म्हणून खोल्यांत तोंडातून वाफ निघतेय. फोन तेवढा चालू होता. फोनवर हाच म्हणाला होता, "अगं ये ना, विचारतेस काय? माझ्याकडे शेगडी आहे." किती ऐटीत म्हणाला होता. बायको, फ्लोरेट, वारल्यापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून, कोणाला काही देण्यासारखं आपल्याकडे आहे असं त्याला पहिल्यांदाच वाटलं होतं.

अठरा वर्षं. तेलाचे भाव आभाळाला गेले त्या साली गल्लीतल्या निम्म्या लोकांनी शेगड्या आणल्या. रोझेरनं आपल्या शेगडीची नळी भिंतीतून काढली एका शनिवारी, एकट्यानं. चपलाबुटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यानं चामडं कापलं. साच्यावर सुरी फिरवायची आणि साचा उचलला की खाली तसाच्या तसा तुकडा निघायला हवा, केसाचाही फरक नको. भिंतीतलं भोकही त्यानं तसंच कापलं. आतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या फळ्या, मग मधली पोकळी, मग बाहेरच्या आडव्या फळ्या, सगळ्यांतून एकच गोल. सहा इंचांची नळी, मधे गुंडाळलेला एक पत्रा, आणि त्या पत्र्याला बेतून भोक. नळी आत सरकवली तेव्हा ती बाटलीच्या बुचासारखी बसली. हे तो शिकला कुठे? वरती जंगलात त्याच्या बापानं बांधलेला शिकारीचा कॅम्प होता, तिथं नळी अशीच भिंतीतून गेली होती, पत्रा गुंडाळून. पन्नास वर्षांत काही झालं नव्हतं. पण कॅम्पातली शेगडी वर्षाकाठी नऊ दिवस पेटायची, हरणांच्या दिवसांत, आणि तिथल्या भिंतींतून वारा असा यायचा की पत्ते उडून जायचे. घरातली शेगडी ऑक्टोबरला पेटली की एप्रिलला विझायची. हा फरक त्याला आज, बर्फावरून घसरत चालताना दिसला. आधी का दिसला नाही? डोकं होतं की, तेव्हाही होतं. कारखान्यातली माणसं काम बघायला आली होती. कोणी म्हणालं, "रोझेर, भिंतीला बूट चढवलास की!" सगळे हसले होते आणि तो दिवसभर खूश होता.

एकटी फ्लोरेट खूश नव्हती. ती चादरींच्या गिरणीत होती, कापसाच्या गाठी फोडतात त्या विभागात. तिथं आलेल्या नव्या मुलीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. गाठ आतून जळते. कुठेतरी ठिणगी आत गेलेली असते आणि आठ-आठ दिवस गाठ आतल्या आत धुमसते, बाहेरून पांढरीशुभ्र, वास नाही, धूर नाही. म्हणून जाता-येता गाठीवर हात ठेवायचा, नुसता लावायचा नाही, ठेवायचा, 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हणून होईपर्यंत, मग कळतं. शेगडी लागली त्याच रात्री झोपायला जाताना तिनं नळीशेजारी भिंतीवर तळहात ठेवला आणि ओठ हलवत उभी राहिली. "काय गं, ताप आलाय का भिंतीला?" तो म्हणाला होता. "बघते," ती म्हणाली. मग ते रोजचंच झालं. दिवा मालवायचा, दाराची कडी बघायची, भिंतीला हात. आणि कधीतरी ते बंद झालं. ते बंद झाल्याचं त्याच्या ध्यानात आलं होतं हे विशेष. ती आता सरळ जिना चढून जाते, एवढंच एका रात्री त्याला दिसलं, आणि का कोण जाणे, घरातलं काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. त्यानं विचारलं नाही. लग्नाला तितकी वर्षं झाल्यावर माणूस अशा गोष्टी विचारत नाही. सवय सुटली असेल. शेगडीवर विश्वास बसला असेल, किंवा माझ्यावर. त्याला त्यातलं दुसरं बरं वाटलं होतं.

दार उघडून तो आत आला तेव्हा स्वयंपाकघर उबदार होतं आणि शेगडी संथ घुरघुरत होती. तो कोट न काढता भिंतीपुढे जाऊन उभा राहिला. शेगडीतून नळी वर जात होती, कोपर घेऊन भिंतीत शिरत होती. शिरते तिथं भिंतीच्याच रंगाचा चौकोनी पत्रा होता, हातभर लांब-रुंद, आठ स्क्रूंचा. तो फ्लोरेटनं लावला होता. काजळीचे डाग धुऊन जात नाहीत म्हणून. त्याच्या मागे काय असेल? नळीला खेटून बसलेल्या फळ्या. आधी पिवळ्या, मग तपकिरी, मग काळ्या, मग कोळसा, आणि तो कोळसा वाट बघत बसलेला. त्यानं हातमोजा ओढून काढला आणि पत्र्याच्या वर, फळीवर, तळहात ठेवला. गरम. त्यानं हात काढला. मग थोडा लांब, खिडकीशी ठेवला. तिथंही गरम. टेबलाला लावला, टेबलही गरम. गोठलेल्या हाताला सगळंच गरम लागत होतं. हात ऊब धरेपर्यंत थांबायला हवं होतं, पण थांबवेना. आतून काहीतरी टिकटिकलं. लोखंड तापल्यावर वाजतं तसं, नेहमीचंच. की नेहमीचं नाही? अठरा वर्षं तो हा आवाज ऐकत झोपला होता, आणि आज तो आवाज कोणाचा हेच त्याला सांगता येईना.

त्यानं शेगडीची हवा बंद केली. मग तेवढ्यानं भागेना म्हणून लोखंडी बादली आणली आणि जळते ओंडके चिमट्यानं एकेक करून बादलीत घालून मागच्या दारानं बाहेर नेले, बर्फावर, घरापासून वीस पावलं लांब. चार फेऱ्या झाल्या. बर्फाला निखारा लागला की ते मांजरासारखं फिस्कारायचं. शेवटची फेरी करून तो आत आला तेव्हा घड्याळात बारा वाजले होते. नळी थंड व्हायला तास तरी जाणार. चारला मुरिएल येणार. तिला फोन करून येऊ नकोस म्हणावं तर ती जाणार कुठे? शाळेच्या व्यायामशाळेत खाटा टाकल्या होत्या, पाचशे माणसं, निम्म्यांना खोकला, आणि बाळ सात महिन्यांचं. आणि ये म्हणावं तर कसल्या घरात? शेगडी पेटवली तर भिंत. न पेटवली तर हे घर उद्या सकाळपर्यंत तिच्या घराइतकंच गार. तो खुर्चीवर बसून पत्र्याकडे बघत राहिला. खोलीतली ऊब हळूहळू निघून चालली होती, आधी पायांपाशी, मग गुडघ्यांपाशी, कोणी पाणी उपसावं तशी.

फ्लोरेट तीनदा बोलली होती. पहिल्यांदा त्या पहिल्याच रात्री, मग एकदा ईस्टरच्या जेवणानंतर, आणि तिसऱ्यांदा कधी ते त्याला आठवेना. प्रत्येक वेळी एकच. "लाकडाला इतकं चिकटून बरं नाही रे. एखाद्या जाणत्याला बोलाव." आणि प्रत्येक वेळी यानं तेच म्हटलं होतं, "जाणता म्हणजे कोण? माझ्या हाताला काय झालंय?" तिसऱ्यांदा तर त्यानं काटा ताटात आपटला होता. तिसऱ्यांदा आणखी कोणीतरी टेबलाशी होतं. ती गप्प बसली. ती गप्प बसायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नसायचा. गिरणीतल्या बायका यंत्रांच्या आवाजात वर्षानुवर्षं काम करून गप्प बसायला शिकलेल्या असतात, तशी ती बसायची. अकरा दिवस हॉस्पिटलात होती तेव्हाही तशीच. शेवटच्या दोन दिवसांत औषधांच्या गुंगीत तिचा उजवा हात पलंगाशेजारच्या भिंतीवर फिरायचा, थांबायचा, ओठ हलायचे. "भिंत गार आहे," ती एकदा स्पष्ट म्हणाली. त्यानं नर्सला बोलावून पलंग भिंतीपासून सरकवायला लावला, आणि हात धरून पांघरुणाखाली घेतला. तेव्हा तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं होतं. काहीतरी चुकलं आपलं, असं त्याला तेव्हा वाटलं, पण काय ते कळलं नाही. आता वाटत होतं, तिला शेवटी ही भिंतच दिसत असेल. अठरा वर्षं आपण जिला भीतीच्या शेजारी झोपवलं, ती मरतानाही भिंत चाचपत होती.

दार धाडकन उघडलं आणि कोनराड आत आला. फ्लोरेटचा धाकटा भाऊ, छपरं घालणारा. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधलेले, काखेत पाव आणि हातात घेवड्याचं मोठं भांडं. "रोझेर, अरे दार तरी लाव, निखारे काय बाहेर नेऊन टाकलेस? मला वाटलं, अंगणात धूप जाळून कोणी पाद्री मिसा म्हणतोय." मग त्यानं नाक उचललं. "आणि हे काय? इथं प्रेत ठेवायचंय का? शेगडी का विझवलीस?"

"तो पत्रा काढायचाय."

"कोणता पत्रा?"

रोझेरनं मान वळवली. कोनराडनं भांडं टेबलावर ठेवलं, सावकाश, काही सांडू नये म्हणून ठेवतात तसं. रोझेरनं त्याला दुकानातली गोष्ट सांगितली. सांगताना आपला आवाज बारीक झालाय हे त्याला ऐकू येत होतं. कोनराडनं पूर्ण ऐकलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुझी भिंत ठीक आहे," तो म्हणाला.

"तुला काय ठाऊक?"

"अरे, दर वर्षी धुराडं कोण साफ करतं? मी करतो ना? ठीक आहे म्हणतो तर ठीक आहे. पेटव शेगडी. पोरगी येईल आता."

"तू वरून ब्रश घालतोस. भिंतीत काय आहे ते तुला दिसतं का?"

"दिसायला कशाला हवं?"

"कशाला हवं? कुत्रा मेला त्यांचा, कोनराड!"

"मग तुझ्याकडे कुठे कुत्रा आहे?" कोनराड हसायला गेला, पण ते हसू जमलं नाही. "हे बघ, आज नको. पत्रा काढलास, आत काही सापडलं, तर आज दुरुस्ती कोण करणार आहे? मी? उणे दहात? उन्हाळ्यात बघू. तेव्हा मी स्वतः येतो."

हे बोलणं रोझेरच्या डोक्यात गेलं. उन्हाळ्यात बघू. सगळं आयुष्य ह्या माणसानं असंच काढलं होतं. छपरं घालतो, पण स्वतःचं गळतं. कॅम्पावर चल म्हटलं तर पाठ दुखते. एका साली तर निघायच्या दिवशी पहाटे फोन केला, पाठीनं उठवत नाही म्हणून, आणि बाकी चौघांनी नऊ दिवस त्याच्या नावानं टिंगल केली होती. "तू जा घरी," रोझेर म्हणाला. "घेवड्याबद्दल आभार. तू जा."

कोनराड गेला नाही. तो टेबलाशी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून, आणि रोझेरनं पेचकस आणला. नळीला हात लावून पाहिला. कोमट होती. स्क्रूंवर रंगाचे थर चढले होते. त्यानं सुरीच्या टोकानं पहिल्या स्क्रूची खाच मोकळी केली. सुरी कारखान्यातलीच, निवृत्तीच्या दिवशी मागून घेतलेली. रंगाचा कण उडाला आणि खालचा जुना रंग दिसला, आणि एकदम त्याला एक वास आठवला. ओल्या रंगाचा. नोव्हेंबरात. कॅम्पावरून तो परतला होता, गाडीच्या टपावर शिंगांना आठ टोकं असलेलं हरीण, तेवढं मोठं पुन्हा कधी मिळालं नाही, आणि दारात पाऊल टाकताच घरभर रंगाचा वास. नोव्हेंबरात रंग कोण लावतं? खिडक्या बंद, डोकं दुखायला लागतं. "डाग जाईनात," ती म्हणाली होती, "म्हणून पत्रा ठोकला आणि उरलेला रंग फासला. बाहेरूनही थोडा फासला." त्यानं स्क्रू वेडेवाकडे बसल्याचं तिला दाखवलं होतं. तिनं मान डोलावली होती. "नीट झोप लागली का रे तिकडे?" एवढंच तिनं विचारलं. "तिकडे झोपायला कोण जातं?" तो म्हणाला होता. मग ती म्हणाली, "मला लागली." तिच्या हाताच्या बोटांवर बारीक ओरखडे होते. त्या हरणाचं मांस भरून तिनं नाताळात सात मोठ्या गोल रोट्या भाजल्या होत्या, आणि प्रत्येकाला सांगत होती, ह्यानं मारलं, एका गोळीत.

दुसरा स्क्रू. तिसरा. चौथा फिरेना. त्यानं पेचकसावर अंगाचा भार टाकला, पेचकस सुटला आणि मूठ पत्र्यावर आदळली. पत्र्यानं पोकळ आवाज केला. तो थांबला. मागे फळ्या खेटून असतील तर आवाज असा येत नाही. म्हणजे फळ्या उरल्याच नाहीत. जळून, झडून, मागे नुसती राख आणि पोकळी. त्यानं पत्र्याच्या कडेशी नाक नेऊन वास घेतला. काही नाही. गाठीलाही वास नसतो, फ्लोरेट सांगायची. मागे कोनराडची खुर्ची कुरकुरली.

"रोझेर, राहू दे. तिच्या आत्म्याला—"

"तिच्या आत्म्याचं नाव काढू नको. ती ह्या भिंतीला हात लावून झोपायची रोज. तुला ठाऊक नाही ते."

कोनराड उठला आणि मागच्या दारानं बाहेर गेला. अंगणात कुऱ्हाडीचा आवाज सुरू झाला. लाकडं फोडायची काहीही गरज नव्हती, शेड भरलेली होती. पाचवा स्क्रू, सहावा, सातवा. चौथा त्यानं शेवटी सुरीनं पत्रा कापून सोडवला. एकतीस वर्षांच्या सवयीनं काप सरळ गेला. पत्रा आता एका स्क्रूवर लटकत होता. रोझेरनं डोळे मिटले. आत काळं असलं तर काय करायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. मुरिएलला दारातूनच परत पाठवायचं आणि आपण इथंच बसायचं, गारठ्यात, भिंतीसमोर. पुढचं काही त्याला दिसत नव्हतं. त्यानं पत्रा खाली फिरवला.

आत लाकूड होतं. पिवळं. वखारीतून काल आणल्यासारखं पिवळं. त्याच्या गोल भोकाचा कुठे मागमूस नव्हता. फळ्या चौकोनी कापून काढल्या होत्या, भिंतीतले दोन उभे वासे कापले होते, आणि त्यांच्या जागी वर-खाली नव्या लाकडांची चौकट ठोकली होती. चौकटीच्या बरोबर मधून चकचकीत दुहेरी नळी गेली होती, आठ इंचांची, आतबाहेर पत्रा आणि मधे काहीतरी भरलेली. आणि तिच्या चारी बाजूंनी काही नव्हतं. नुसती हवा. दोन बोटं आत जातील इतकी मोकळी जागा, वर, खाली, इकडे, तिकडे. घट्ट असं काहीच नव्हतं. त्याला वाटलं, हे कच्चं काम आहे, कोणीतरी अर्धवट टाकून गेलंय, आणि मग त्याला कळलं की हीच गोष्ट आहे. ही मोकळी जागाच. भिंत आजवर वाचली ती इथं काही नसल्यामुळे.

चौकटीच्या चारी बाजूंना पेन्सिलीनं आकडे लिहिले होते. चार वेळा दोन. त्या दोनाला तळाशी मोठी वळणदार शेपटी होती, शाळेत नन शिकवायच्या तशी. ती शेपटी त्यानं पस्तीस वर्षं वाण्याच्या यादीवर पाहिली होती. वरच्या लाकडावर तारीख होती, सहा नोव्हेंबर शहाऐंशी, त्याच अक्षरात. म्हणजे मोजपट्टी दुसऱ्या कोणाच्या हातात होती आणि पेन्सिल तिच्या. दुसऱ्या कोणाच्या? त्या साली सहा नोव्हेंबरला कॅम्पावर चौघे होते. पाचव्याची पाठ दुखत होती.

कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता. कोनराड दारात उभा होता, अंगावर बर्फाचे कण, आत यायला धजत नसल्यासारखा.

"पाठ दुखत होती," रोझेर म्हणाला.

"नंतर दुखलीच की. दोन वासे कापून बघ गुडघ्यावर बसून." कोनराडनं बूट आपटले. "आणि ती तुझी बहीण असती तर कळलं असतं. 'ते सरळ नाही, पुन्हा कर.' 'दोन इंच म्हटलेत ना, मग दीड का?' पुस्तक आणलं होतं तिनं लायब्ररीतून. बाहेरच्या फळ्या मी परत बसवल्या, त्या तिनं कोपरापर्यंत हात घालून रंगवल्या, तुला ओळखू येऊ नये म्हणून. मग मी तुला सांगितलं, बाहेरचं धुराडं गंजलंय, माझ्याकडे कामावरची नळी उरलीय, ती लावतो. आठवतं? तू म्हणालास, फुकट मिळतंय तर लाव."

"आणि साफसफाई."

"ती आयुष्यभराची शिक्षा. तू नळी कधी उचकटू नये म्हणून. बारा वर्षं, रोझेर. माझ्या स्वतःच्या धुराड्यात पक्ष्यांनी घरटी केली."

रोझेर हसला नाही. त्याला एकदम राग आला, आणि तो कोणाचा हे त्याला कळेना. बारा वर्षं टेबलाशी बसून दोघांनी त्याच्याकडे पाहिलं होतं, पाव पुढे केला होता. लोकांना तो ही भिंत दाखवायचा, पत्र्यावर टिचकी मारून सांगायचा, ह्याच्यामागे काय काम आहे म्हणून सांगू. आणि ती भांडी विसळत असायची. "मला सांगितलं का नाही तिनं?"

"सांगितलं होतं," कोनराड म्हणाला. "तीनदा. तिसऱ्या वेळी मी इथंच बसलो होतो. तू काटा आपटलास." त्यानं बाहीवरचे बर्फाचे कण झटकले. "तू गेल्यावर ती म्हणाली, त्याला त्याच्या हातांबद्दल काही ऐकवत नाही. आणि मला झोप येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या पाहिजेत. मग माझ्याकडून शपथ घेतली. ती जिवंत असेपर्यंतचीच घ्यायची ना, तर नाही, नंतरचीही घेतली. तू आज स्वतः उघडलंस म्हणून सांगतोय."

रोझेरनं मोकळ्या जागेत दोन बोटं घातली. बसली. लाकूड गार होतं, कोरडं आणि गार. त्यानं ती बोटं चौकटीवरच्या आकड्यापर्यंत नेली, पण आकड्यावरून फिरवली नाहीत. पेन्सिल पुसली जाते.

पत्रा दोघांनी मिळून बसवला. चौथ्या स्क्रूपाशी त्यानं कापलेली चीर राहिली, ती राहू दिली. कोनराड म्हणाला, "आता सरळ आलेत स्क्रू." रोझेर म्हणाला, "आधीचेच बरे होते." मग त्यानं कागद, काटक्या, बर्चची साल, वर दोन मेपल रचून शेगडी पेटवली आणि हवा पूर्ण उघडली. पहिल्या झटक्याला नळीनं धूर ओढला आणि ज्वाळा वाकून मागे गेल्या. कोनराड घेवडा तापायला ठेवून, उद्या फांद्या कापायला येतो म्हणून, कुंपण धरत निघून गेला.

चारला दहा कमी असताना मुरिएल आली. बाळ तिच्या कोटाच्या आत होतं, नुसती लाल टोपी बाहेर. शेगडी तोवर पुरती तापली होती, झाकणावर थुंकी टाकली तर नाचली असती. "देवा, किती बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि दारातच उभी राहिली, चष्म्यावर वाफ येऊन आंधळी. "पापा, कुठे आहेस? काय करतोयस तिकडे?"

तो भिंतीशी उभा होता. हात घरातच होते जवळजवळ चार तास, आता ते खरं सांगणार होते. त्यानं उजवा तळहात पत्र्याच्या वर, फळीवर ठेवला, नुसता लावला नाही, ठेवला, आणि मनात 'आमच्या बापा' म्हणायला सुरुवात केली. मधे कुठेतरी शब्द अडले. फ्लोरेटच्या अंत्यविधीनंतर त्यानं ते म्हटलेच नव्हते. तो पहिल्यापासून सुरू झाला. शेगडी घुरघुरत होती. फळी काही सांगत नव्हती. शेवटचा शब्द झाला तरी ती काही सांगत नव्हती, आणि त्याला तो पलंग आठवला, त्यानं सरकवायला लावलेला, आणि तिनं उघडलेले डोळे.

"पापा?" मुरिएलनं चष्मा पुसला होता. तिनं बाळाला बरोबर आणलेल्या टोपलीत घालून ती खाली ठेवली होती आणि खोलीभर नजर फिरवत होती. "ही कुठे ठेवू? भिंतीशी नको ना? शेगडीची नळी जाते तिथून. आई मला लहानपणी तिथं झोपू द्यायची नाही."

"तेव्हा नाही द्यायची," रोझेर म्हणाला. त्यानं टोपली उचलली, शेगडीपासून चार पावलं मोजली आणि तिथं त्याच भिंतीला लावून ठेवली. बाळानं टोपीतून त्याच्याकडे पाहिलं. "इथं राहू दे," तो म्हणाला. "भिंत गार आहे."